शंभर ग्रॅमांची सूट

मूल जन्माला आले की आपल्याकडे पूर्वी दोनच प्रश्न विचारले जात. काय झाले, आणि कितवे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पेढ्याने किंवा बर्फीने मिळे. दुसऱ्याचे उत्तर शेजारणींना न विचारताच ठाऊक असे. दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, तशी या दोन प्रश्नांत तिसऱ्याची भर पडली : किती भरले? आज खेड्यातील आजीबाईसुद्धा नातवाच्या वजनाचा आकडा पाव किलोच्या हिशेबात अचूक सांगतात. हे तीन प्रश्न तीन निरनिराळ्या गोष्टींविषयी आहेत असा आपला समज असतो. वस्तुतः त्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. बाळ मुलगा आहे की मुलगी, आणि आईच्या कुशीतले ते कितवे, यावर त्याचे जन्मवेळचे माप काही अंशी अवलंबून असते. 'काही अंशी' हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण आम्हांला जे सांगावयाचे आहे ते सारे त्या दोन शब्दांभोवतीच आहे.

नोकरीच्या निमित्ताने आमची बरीच वर्षे खानदेशात गेली. प्रथम जळगाव जिल्ह्यात, तापीकाठच्या केळीच्या मुलखात. आणि पुढे धुळे जिल्ह्यात, जिथून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. १९०६ साली इंग्रजांनी एका खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, स्वातंत्र्यानंतर त्यांची नावे जळगाव आणि धुळे अशी झाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. नकाशावर इतक्या रेघा पडल्या, तरी बाळंतिणीच्या खोलीत खानदेश अजून एकच आहे. तीच शेगडी, तेच डिंकाचे लाडू, तोच बाळंतकाढ्याचा वास आणि दारात उभ्या असलेल्या बायांचा तोच प्रश्न. धुळ्याकडे अहिराणीत तो अधिक थेट असतो : 'आंडोर का आंडेर?' म्हणजे मुलगा की मुलगी. 'आंडोर' असे उत्तर आले की बाया आत शिरत. 'आंडेर' असे आले की उंबऱ्यावरूनच विचारत, 'पहिलीच ना?' या दुसऱ्या प्रश्नात किती अर्थ भरलेला आहे, हे आमच्या ध्यानात हळूहळू आले.

आमच्या जळगावकडील वास्तव्यात शेजारी एक म्हातारे शेतकरी राहत. त्यांच्या गोठ्यात म्हैस व्याली की आम्हांला खरवसाचे बोलावणे येई. एकदा आम्ही पारडू पाहून म्हणालो की हे जरा लहानच दिसते. त्यावर ते सहज म्हणाले, "पहिलारू आहे. पहिल्या वेताचं बेताचंच असतं. पुढच्या वेताला बघा." आणि रेडकू पारडीपेक्षा जड निघते, हेही त्यांना ठाऊक होते. जे ज्ञान पुढे आम्ही पुस्तकांतून मिळविले, त्याचा गाभा त्या गोठ्यात अगोदरच होता. फरक इतकाच, की गोठ्यात पारडी झाल्यावर घरभर आनंद होई, कारण तिच्या पोटी उद्याचे दूध होते. त्याच घराच्या माजघरात मुलगी झाल्यावर मात्र तोच आनंद होईलच, असे सांगता येत नसे.

आता पुस्तके काय सांगतात ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली बालकांच्या वाढीची नवी मानके प्रसिद्ध केली. भारतासह सहा देशांतील, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या आणि आईच्या दुधावर पोसलेल्या मुलांची मापे घेऊन ती सिद्ध करण्यात आली. त्यांत जन्मतः मुलाचे मध्यम वजन ३.३ किलो आणि मुलीचे ३.२ किलो आहे. लांबी मुलाची ४९.९ सेंटिमीटर, मुलीची ४९.१, डोक्याचा घेर मुलाचा ३४.५, मुलीचा ३३.९. पुढे २०१४ साली जगातील आठ शहरांतील नवजात बालकांच्या मापांवरून आणखी एक मानक निघाले, आणि अभिमानाची गोष्ट अशी की त्या आठ शहरांत आपले नागपूर होते. तिथेही मुलाचा आणि मुलीचा तक्ता वेगळा ठेवावा लागला. याचा अर्थ, मुलगा मुलीपेक्षा जन्मतः किंचित मोठा असणे हा कोणा एका देशाचा वा जातीचा विशेष नव्हे. तो निसर्गाचाच क्रम आहे. पण त्याचे मोल किती? सुमारे शंभर ग्रॅम. जेमतेम एका मध्यम केळ्याइतके.

दुसरा धागा जन्मक्रमाचा. पहिलटकरणीचे बाळ पाठच्या भावंडांपेक्षा सरासरीने शंभर ते दोनशे ग्रॅम हलके असते. याचे कारण मोठे मनोज्ञ आहे. गर्भ राहिला की वार गर्भाशयाच्या भिंतीत रुजते आणि तेथील बारीक, नागमोडी रक्तवाहिन्यांना रुंद करून घेते, म्हणजे बाळाकडे रक्ताचा ओघ मोकळा वाहावा. पहिल्या खेपेस ही वाट नव्याने पाडावी लागते. बाळंतपणानंतर त्या रक्तवाहिन्या पूर्ववत होतात, पण अगदी पहिल्यासारख्या होत नाहीत. पाडलेल्या वाटेची काही खूण मागे राहते. दुसऱ्या बाळाला ती वाट थोडी मळलेली मिळते. थोरल्याने काटे तुडवावेत आणि धाकट्याने त्या पायवाटेने यावे, हा नियम जन्मापूर्वीच सुरू होतो म्हणावयाचा!

हे दोन्ही धागे एकत्र केले की एक साधा हिशेब निघतो. इतर सर्व गोष्टी सारख्या असतील, तर मातेच्या लेकरांत सर्वांत नाजूक म्हणजे पहिली मुलगी, आणि सर्वांत भरदार म्हणजे पाठचा मुलगा. पण इतर सर्व गोष्टी सारख्या असतात कुठे? आईचे वय, तिची उंची, गर्भारपणाआधीचे तिचे वजन, अंगातले रक्त, दोन बाळंतपणांतील अंतर, नवव्या महिन्यापर्यंत तिने उपसलेले कष्ट आणि बाळ पुऱ्या दिवसांचे आहे की नाही, या गोष्टींचे पारडे जन्मक्रमाच्या आणि लिंगाच्या पारड्याहून कितीतरी जड आहे. धाकटे बाळ मोठे असते हा नियमसुद्धा आईला मधल्या काळात अंग भरून यावयास सवड मिळाली तरच खरा ठरतो. वर्षाच्या आत पुन्हा दिवस गेले, तर मळलेली वाट असूनही त्या वाटेने पाठवावयाला आईच्या अंगात शिदोरीच उरत नाही.

खानदेशात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. पहिले बाळंतपण माहेरी करावयाचे, ही आपली जुनी रीत. सातव्या महिन्यात लेक माहेरी येते. आई तिला पहाटे उठू देत नाही, शेतावर पाठवीत नाही, ताटात दुधाची वाटी वाढते. म्हणजे जे बाळ निसर्गाने जरा लहान धाडावयाचे, त्याच्यासाठी रूढीने थोडी भरपाई करून ठेवली आहे. आम्हांला ही रीत नेहमीच शहाणपणाची वाटत आली. तिच्यातील उणीव इतकीच की ती एकदाच पाळली जाते. दुसऱ्या खेपेस तीच बाई सासरी असते, कडेवर थोरले मूल असते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती सातव्या महिन्यातसुद्धा ओटा बांधून सरीत वाकलेली दिसते.

आणि पहिली खेप माहेरी झाली तरी ती कोणत्या वयात, हाही प्रश्न आहेच. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत धुळे जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. जी मुलगी स्वतःच अजून वाढते आहे, तिच्या पोटातील बाळाला आईशीच वाटणी करून घ्यावी लागते. अशा वेळी बाळ दोन किलोचे निघाले आणि 'पहिलंच आहे, पहिलं लहानच असतं' असे म्हणून घर स्वस्थ बसले, तर निसर्गाच्या शंभर-दीडशे ग्रॅमांच्या आड आपण आपले एक किलोचे देणे लपविले, असेच म्हणावे लागेल.

हा विचार आम्हांला सुचविला तो धुळ्याकडील एका परिचारिकेने. सारे गाव त्यांना 'सिस्टर' म्हणे. उपकेंद्राच्या दोन खोल्या, एक स्प्रिंगचा काटा, त्याला लटकविलेली कापडी झोळी आणि एक जाडजूड नोंदवही, एवढ्या साहित्यावर त्यांनी तीस वर्षे सेवा केली. एका घरी दुसरी मुलगी झाली, त्या वेळची हकिकत त्यांनी सांगितली. पुऱ्या दिवसांचे बाळ, पण काटा दोन किलोंच्या अलीकडेच थांबला. सिस्टरांनी बाळाला जिल्ह्याच्या रुग्णालयात न्यावयास सांगितले. आजी म्हणाल्या, "सिस्टर, मुलीची जात आहे. मुली अशाच बारीक असतात. वाढेल आपोआप." सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी काटा पुढे केला आणि म्हणाल्या, "आजी, मुलगी म्हणून देवानं फक्त शंभर ग्रॅमांची सूट दिली आहे. ती मी धरली. आणि दुसरेपणाचे शंभर ग्रॅम उलट जास्त यायला हवे होते. आता उरलेल्या वजनाचा हिशेब तुम्ही द्या. सुनेला नऊ महिने काय खाऊ घातलं?" आजींपाशी उत्तर नव्हते, पण संध्याकाळच्या गाडीने बाळ-बाळंतीण धुळ्याला गेली. ती मुलगी जगली, आणि पुढे शाळेत जाताना सिस्टर तिला अधूनमधून पाहत.

तो हिशेब विचारणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात आणखीही झाली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रियांचा गर्भारपणाआधीपासून अभ्यास केला. त्या मातांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन बेचाळीस किलोंच्या आसपास आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. बहुतेक जणी शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळे सरासरीने सुमारे २.७ किलोंची भरली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन शहरातील बाळे मात्र साडेतीन किलोंच्या जवळ. इथवर आश्चर्याचे काही नाही. नवल पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव इंग्रज बाळांच्या मानाने फारच लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसावयास कृश, आणि आत चरबी सांभाळून ठेवलेली, अशी ही भारतीय बाळाची ठेवण जगापुढे आली. पुढील आयुष्यात आपल्याकडे मधुमेह इतक्या लवकर आणि इतक्या सडपातळ माणसांनाही का गाठतो, याची एक वाट या ठेवणीत असावी, असे ही मंडळी सांगतात.

याच अभ्यासातून २००५ साली जन्मक्रमाविषयी एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि तो आमच्या विषयाच्या अगदी गाभ्याचा आहे. मातेचे बाळंतपण जितके पुढचे, तितकी नवजात बाळाच्या अंगावरील चरबी अधिक, असे त्यात दिसून आले. म्हणजे पाठचे बाळ काट्यावर जड भरते हे खरे; पण त्या जडपणात बळ किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही. 'गुटगुटीत' हा शब्द आपण ज्या कौतुकाने वापरतो, त्याला थोडा आवर घालावयास हवा. मोठे म्हणजे बळकट आणि लहान म्हणजे दुबळे, हे समीकरण दोन्ही बाजूंनी लंगडे आहे.

आणि बाळ खऱ्या अर्थाने वाढते कशाने? त्याच सहा खेड्यांत असे आढळले की ज्या मातांच्या आहारात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार येत, त्यांची बाळे मोठी भरली. ज्या मातांना गर्भारपणी अतिकष्टाची कामे करावी लागली, त्यांची लहान. हे वाचताना आम्हांला रावेर, निंभोरा, सावदा या स्थानकांवरून उत्तरेकडे जाणारी केळी आठवली. ज्या शिवारातून देशाला फळ जाते, त्या शिवारातील मजुरणीच्या ताटात गर्भारपणी एक फळ, मेथीची वा पोकळ्याची भाजी आणि वाटीभर दूध पडावे, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. शंभर-दोनशे ग्रॅमांची उणीव निसर्गाची असेल, पण ही वाटी भरणे माणसाच्या हाती आहे.

जन्माचे वजन आयुष्यभर माणसाची सोबत करते, ही गोष्ट जगाला पटली तीसुद्धा सुइणींच्या वहीमुळे. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या देखरेखीखाली सुइणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्मवेळचे आणि वर्षाचे वजन लिहून ठेवीत. अनेक दशकांनंतर डॉ. डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या सापडल्या. त्यांतील बाळे आता म्हातारी झाली होती, काही मरण पावली होती. १९८९ साली बार्कर यांनी दाखवून दिले की ज्या पुरुषांचे वजन जन्मतः आणि वर्षाचे असताना कमी होते, त्यांना हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक होते. एखाद्या सिस्टरने खेड्यातील खोलीत बसून मेणबत्तीच्या उजेडात लिहिलेला एक आकडा सत्तर वर्षांनी बोलू लागतो. आमच्या धुळ्याकडील सिस्टरांची ती जाडजूड वही आम्हांला तेव्हापासून अधिकच आदराची वाटू लागली.

आता आम्ही ज्या गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तिच्याकडे येतो. गर्भाशयाचा एक क्रम आहे आणि घराचा दुसरा. गर्भाशयात पहिल्याला थोडे कमी मिळते आणि पाठच्यांना थोडे अधिक. घरात याच्या बरोबर उलट होते. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञ विदुषींनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. भारतातील आणि आफ्रिकेतील पंचवीस देशांतील दीड लाखाहून अधिक बालकांच्या उंचीची त्यांनी तुलना केली. आपल्याकडील मुले आफ्रिकेतील अधिक गरीब देशांतील मुलांपेक्षाही खुजी का राहतात, हे कोडे त्यांना सोडवावयाचे होते. उत्तर असे निघाले की आपली पहिली मुले मुळीच खुजी नाहीत. उलट आफ्रिकेतील पहिल्या मुलांपेक्षा उंच आहेत. घसरण सुरू होते ती दुसऱ्या मुलापासून, आणि तिसऱ्यापाशी ती आणखी खोल जाते. या घसरणीच्या मुळाशी त्यांना थोरल्या मुलाची, म्हणजे वंशाच्या पहिल्या दिव्याची, आपली ओढ दिसली. मुलगा होण्याची वाट पाहत असलेल्या घरात जी मुलगी जन्मते, तिच्या वाट्याचे दूध आणि औषध अजून न जन्मलेल्या भावासाठी राखून ठेवले जाते.

म्हणजे निसर्गाने धाकटीला ज्या मळलेल्या वाटेने जरा अधिक भरून पाठविली, तिचे ते अधिक आपण पाच वर्षांत काढून घेतो, आणि वर मुलगीच मुळात बारीक म्हणून सांगतो. खरे पाहता निसर्गाने मुलीला शंभर ग्रॅम कमी दिले तसे एक दानही दिले आहे. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांत मुलाची फुप्फुसे मुलीच्या मानाने उशिरा तयार होतात. आणि जगभर जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत मुलांपेक्षा मुली अधिक चिवटपणे तग धरतात. जेथे मुली अधिक दगावतात, तेथे निसर्ग नव्हे, माणूस आडवा आलेला असतो.

आपल्या म्हणींतसुद्धा हा घराचा क्रम उमटला आहे. 'पहिली बेटी, धनाची पेटी' असे आपण मोठ्या उदारपणे म्हणतो. पहिलीसाठी म्हण आहे. दुसरीसाठी म्हण नाही. आणि तिसरीसाठी एकेकाळी नावच होते : नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे समारंभाने बदलण्यात आली, तेव्हा कित्येकींनी स्वतःची नावे स्वतः निवडली. नाव बदलले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या मुलींना नकुशी म्हणवून घेण्याइतकाही जन्म लाभला नाही, त्यांचे काय? त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे महाराष्ट्रात ८९४ मुली होत्या, आणि जळगाव जिल्ह्यात ८४२. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातील पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ साली केला, आणि १९९४ साली तो संसदेने साऱ्या देशासाठी केला. तरीही केळी आणि कापसाने समृद्ध झालेल्या या सुपीक जिल्ह्यात मुलींची संख्या अशी उणावली. त्यांचे वजन कोणत्याच काट्यावर कधी घेतले गेले नाही.

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही आपली आवडती म्हण. पण पाळण्यात डोकावून माणसाची किंमत ठरविण्याचा मोह शहाण्यासुरत्यांनाही पडतो. बायबलमधील शमुवेल संदेष्ट्याची कथा आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. इशायच्या घरी तो राजा निवडावयास गेला आणि थोरल्या अलियाबाची उंच देहयष्टी पाहून हाच तो, असे त्याला वाटले. देवाने त्याला त्या उंचीकडे पाहू नकोस म्हणून बजावले. एकामागून एक सात मुलगे पुढे येऊन गेले, आणि ज्याला बोलावण्याची बापालाही आठवण झाली नव्हती, तो मेंढरांमागे गेलेला धाकटा दावीद अखेर निवडला गेला. क्रम आणि आकार, या दोन्ही मापांना त्या कथेने बाजूला सारले आहे. ती कथा मुलग्यांची आहे. तिच्यातील न्याय मात्र मुलींनाही लागू पडावा.

मग काट्याचा उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे, मात्र तो किंमत ठरविण्यासाठी नव्हे, काळजी ठरविण्यासाठी. अडीच किलोंच्या आतले बाळ, मग ते पहिले असो की चौथे, मुलगा असो की मुलगी, अधिक जपावे लागते. जन्मानंतर तासाभरात त्याला आईचे दूध मिळावे, पहिल्या दिवशी त्याला न्हाऊ घालू नये, डोके झाकून ऊब द्यावी. १९७८ च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतील बोगोटा शहरात उबेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी लहानग्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला नाव पडले आणि आता ती आपल्याही रुग्णालयांत रूढ आहे. तिला लागते ती आईची ऊब आणि आईला तेवढा वेळ आडवे राहू देणारे घर, दुसरे काही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्याच स्त्रियांना बाळ तोलावयास, ऊब द्यावयास आणि आजाराची चिन्हे ओळखावयास शिकविले, आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. १९९९ साली त्यांचा अहवाल जगाने वाचला. आज आशाताई घरोघर येऊन बाळ तोलतात, त्यामागे त्या कामाची प्रेरणा आहे.

काही घरांतून आम्ही पाहिले आहे की मुलाच्या बाळंतिणीला सव्वा महिना लाडू पुरतात आणि मुलीच्या बाळंतिणीचा डबा बाराव्या दिवशीच रिकामा होतो. मुलगी जन्मतः शंभर ग्रॅम उणी असेल, पण तिच्या आईचे रक्त मुलाच्या आईपेक्षा कमी सांडलेले नसते. म्हणून आमचे मागणे अगदी साधे आहे. पहिलटकरणीला माहेर जसे जपते, तसे दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सासरने जपावे. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचे तरी अंतर असावे. पहिल्या मुलाचे वजन जसे दरमहा हौसेने करून घेतले जाते, तसे धाकट्या मुलीचेही नेमाने करून घ्यावे, आणि ते मुलींच्या तक्त्यावर पाहावे. तो तक्ता वेगळा आहे, कारण त्यात तिची शंभर ग्रॅमांची सूट अगोदरच वजा केलेली आहे. त्या तक्त्यावरही तिची रेघ खाली घसरू लागली, तर मुलीची जात म्हणून कोणी समाधान मानू नये. त्या दिवशी तिच्या ताटाकडे पाहावे, आणि तिच्या आईच्या ताटाकडेही.